पहिला पेला मामांचा

आमचे मामा गिऱ्हाइकाला पहिला पेला कधी देत नसत. संध्याकाळी दूधविक्रीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करायच्या, लोकांच्या देखत धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पहिला पेला स्वतः उभ्यानं रिकामा करायचा. मिशीवरचा फेस पुसत म्हणायचे, "मी प्यालो. आता तुमी प्या." याच्यापलीकडं दुधाची जाहिरात त्यांनी केली नाही.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे, आणि मामांना माझ्यापेक्षा जास्त होता. अनोळखी माणसालाही थांबवून सांगायचे, "पावणं, ही आमची भाची. ग्रॅज्वेट हाय." त्यामुळं मामांच्या मानेत गाठी आल्या आणि तपासणीत कॅन्सर निघाला, तेव्हा दवाखान्यात सोबत कोण जाणार हा प्रश्नच आला नाही. रिक्षात बसताना त्यांनी मला बजावलं, "डाक्टर बोलंल ते जसंच्या तसं सांगायचं. गोड करून सांगितलंस तर तुझी डिग्री गव्हाणीत टाकीन."

पूर्वी अशा आजाराला लोक मुंबई गाठत. मामांची केमो कोल्हापुरातच झाली. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. सोबत एक नव्या तऱ्हेचं औषध होतं, ते कॅन्सर झालेल्या जातीच्या पेशी शोधून त्यांनाच चिकटतं. मी समजावल्यावर मामा म्हणाले, "म्हंजे कळपातली मारकी म्हस वळखून तिलाच दावं लावतंय. शाणं हाय की."

तिथल्या सिस्टरनी दोन गोष्टी ठणकावून सांगितल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतील, तेव्हा कच्चं काही खायचं नाही, धारोष्ण दूध तर नाहीच. आणि ताप आला तर घरी गोळी घेऊन पडून राहायचं नाही, तडक यायचं.

"उकळल्यालं दूध आजारी माणूस पितंय," मामा म्हणाले.

"मग तुम्ही कोण आहात, मामा?" सिस्टरनी विचारलं.

कट्ट्यावर मात्र त्यांनी आजार लपवला. कॅन्सरवाल्याच्या हातचं दूध कोण घेईल, ही धास्ती. केस गेले तर जोतिबाचा नवस फेडला म्हणून सांगितलं. पण पहिला पेला ते पीत नव्हते, हे लोकांना दिसत होतं. एके संध्याकाळी, मी तिथं नसताना, एका जुन्या गिऱ्हाइकानं टोमणा मारला, "काय मामा, सवता पीत न्हाईसा? आमालाच कशापायी मग?" सगळे हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामींचा फोन आला. "तुज्या मामास्नी हुडहुडी भरलीया."

मी पोचले तर दोन घोंगड्यांखाली दात वाजत होते. "धारंची येळ झालीया," मामा म्हणाले. "म्हशी कोण पिळणार? उद्या बघू."

"उद्या नाही, आत्ता."

"लई शिकलीस म्हणून मला..."

"शिकले म्हणूनच सांगते. उठा."

दवाखान्यात त्यांचं ब्लडप्रेशर उतरत चाललं होतं. सलाईन, अँटिबायोटिक, सिस्टरांची धावपळ. डॉक्टरांनी विचारलं, "कच्चं काही पोटात गेलं का?" मामी माझ्याकडं बघू लागल्या. मामा डोळे मिटूनच बोलले, "दूध प्यालो. समद्यांच्या म्होरं. पेला भरून."

दुधानंच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. ताप हटत नव्हता एवढं खरं. बाहेर बाकावर मामींनी एकदाच विचारलं, "येतील न्हवं घरी?" मला उत्तर माहीत नव्हतं, आणि गोड करून सांगायची मला बंदी होती.

मामा घरी आले. कट्ट्यावर परत गेले त्याच संध्याकाळी त्यांनी टोपी काढली आणि मोठ्यानं सांगितलं, "मला कॅन्सर झालाय. दूध बेस हाय, बंदी मला हाय. ज्याचा इस्वास न्हाय त्यानं पिशवीचं प्यावं." कुणी हललं नाही. तो टोमणा मारणारा खाली बघत होता. मामांनी पहिला पेला भरून माझ्या हातात दिला, "माझ्या वाटणीचं आता ग्रॅज्वेट पिणार." पुढं तपासणीला गेले की केमोच्या नव्या पेशंटजवळ स्वतः जाऊन बसत. "ताप आला की पळत या. माज्यागत शाणपणा करू नगासा."

आजार दबला. काही वर्षं चांगली गेली. मग तो पुन्हा उठला. नव्या गोळ्या देऊन पाहिल्या, त्यांनीही काही महिने दिले. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता त्रास कमी ठेवू, त्यांना हवं ते खाऊ द्या.

गोठ्यासमोर खाटेवर मामा वाट बघत होते. "काय म्हणला?"

"आता कशाचीच बंदी नाही म्हणाले."

"दूध बी?"

"दूध पण."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी नजर खाली घेतली नाही. मग मान हलवून त्यांनी मामींना हाक मारली. मामींनी धार काढली, फेसानं भरलेला पेला आणून त्यांच्या हातात दिला. तोंडाशी नेलेला पेला त्यांनी माझ्यापुढं धरला.

"पयला तू."

मी घोट घेतला. "मी प्याले," मी म्हटलं. "आता तुम्ही प्या."

ते सावकाश प्याले. मिशीवर फेस राहिला. तो त्यांनी पुसला नाही.