पाच वाड्यांचा निरोप

पोटासाठी मी जे काम करते ते कुणाला समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. अंधेरीतल्या एका ऑफिसात बसून मी एका कंपनीची यंत्रणा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेला जोडून देते आणि त्या दोघींचा अबोला झाला की बोलणी मी खाते. त्यात नवल असं काही उरलेलं नाही, नुसती मान दुखते. असल्या माणसानं घरी येऊन पुन्हा तेच काम फुकटात करू नये. मी केलं, कारण ते आबांसाठी होतं.

आबा म्हणजे माझे वडील. नाहूरला दोन खोल्यांत आम्ही दोघंच असतो. आई गेली, मी लग्न केलं नाही, तो विषय वेगळा. आबा तळकोकणातून गिरणीत आले, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. पण भावकीत त्यांची ओळख निराळी होती. गावात कुणी गेलं की मुंबईतल्या घरांना कळवायचं काम त्यांचं. ते निरोप्या. घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही घरं आबांची आणि पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंतची काकांची. काका म्हणजे आबांचे भावकीतले सोबती. दोघं एकाच एसटीनं मुंबईला आले, एकाच खोलीत राहिले, एकाच खात्यात कामाला लागले. गिरणी गेल्यावर काका गावी परतले, त्यांची घरंही आबांकडे आली. "ढोपरां बरी झाली की जावन त्याच्या पडवीत बसतलंय," असं आबा दर मे महिन्यात म्हणत. ढोपरं काही बरी होत नव्हती.

निरोप्याची रीत ठरलेली असते. चप्पल काढायची नाही, उंबरा ओलांडायचा नाही. दारात उभं राहून नाव सांगायचं, पाणीसुद्धा न घेता पुढच्या घराच्या वाटेला लागायचं. आबा सांगत की बऱ्याचदा नाव सांगायची वेळच येत नसे. घरातली बाई सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन यायची, आबा "नको" म्हणायचे, आणि तिला कळायचं.

गुडघे गेल्यावर हे सगळं थांबलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा ग्रुप होता, पण त्यात गुड मॉर्निंगच्या फुलांखाली मेलेला माणूस सापडायचा नाही. शेवटी मंडळाचे सेक्रेटरी, पार्ल्याचे, मला म्हणाले, "तू कंप्युटरवाली ना? मग कर ना गं कायतरी!"

आमच्या गावाला पाच वाड्या. शिमग्याची पालखी आधी कुणाच्या अंगणात यावी यावरून पाचही वाड्या हमरीतुमरीवर येतात, त्यामुळे इंटरनेटवर गावाचं एकच पान असणं शक्यच नव्हतं. पाच वाड्या, पाच पानं. प्रत्येक पानाला फीड होतं, म्हणजे नवं काही चढवलं की चढवणाऱ्यानं घातलेल्या तारखेसकट त्याची नोंद आपोआप बाहेर दिसायची. जावा या संगणकाच्या भाषेत अशा जोडाजोडीसाठी तयार फ्रेमवर्क मिळतं. ऑफिसात मी तेच वापरते. त्यात मी पाच वाटा आखल्या. प्रोग्राम थोड्या थोड्या वेळानं प्रत्येक पानाच्या दारात जाऊन विचारणार, काही नवीन? याला आमच्यात पोलिंग म्हणतात. असेल तर पाची वाटांचं एकत्र करून आबांच्या मोबाइलवर धाडणार. फक्त आबांच्या. पुढे आबांनी फोन करून घरोघर सांगायचं, ही अट मी मुद्दाम घातली. मंडळाला यंत्र हवं होतं. मला आबांच्या हाताला काम हवं होतं.

प्रोग्राम फ्रिजवरच्या जुन्या लॅपटॉपवर चालायचा. आबा सकाळी देवांबरोबर त्यालाही पुसून घ्यायचे. मी घरी आले की पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि, "आज काय्येक इलां नाय," असं किंवा कुणाचं काय आलं ते सांगायचे. बारसं, वास्तुशांत, क्वचित मरण. फोनवर त्यांचा आवाज पूर्वीसारखा ताठ लागायचा. मला बरं वाटायचं.

पहिल्या महिन्यात एक भानगड झाली. गावचे लोक चढवलेली बातमी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत. कधी फोटो बदल, कधी नात्यात कुणाचं नाव राहिलं म्हणून घाल. दर दुरुस्तीला प्रोग्रामला ती बातमी नवी वाटे. बोरिवलीच्या एका आजींनी आबांना फैलावर घेतलं, "मेलेलो माणूस परत कसो मेलो?" तेव्हा मी एक गाळणी बसवली. प्रत्येक पानावरच्या शेवटच्या नोंदीची तारीख लक्षात ठेवायची. तिच्या आधीची तारीख असलेलं काही दिसलं तर ते जुनं समजून सोडून द्यायचं. असं सगळेच करतात. पुस्तकात असंच लिहिलेलं आहे.

परवा दुपारी ऑफिसात सेक्रेटरींचा फोन आला.

"आबा कसे आहेत गं आता? आम्ही मुद्दाम फोन नाही केला. म्हटलं, सावरू दे जरा."

"कशातून?"

ते म्हणाले, "तेराव्यालापण आले नाहीत, तेव्हा वाटलंच, म्हातारा खचला."

काका गेले होते. गावाहून सेक्रेटरींना थेट फोन आला होता, त्यांनी दोन-चार घरांना सांगितलं, त्यांनी पुढे. आबांना सांगायचं कुणाच्या मनातच आलं नाही, कारण बातमी येते ती आबांकडूनच. आबांचा फोन आला नाही तेव्हा लोक म्हणाले, सोबती गेला, बोलवत नसेल त्यांना. सगळे चांगुलपणानं गप्प राहिले.

मी तिथेच त्या वाडीचं पान उघडलं. बातमी होती. पान सांभाळणारे गृहस्थ काकांच्याच भावकीतले, त्यामुळे सुतकात त्यांनी पानाला हात लावला नव्हता. सुतक फिटल्यावर सकाळी त्यांनी अडलेली कामं उरकली, देवळाच्या बैठकीची सूचना चढवली. दुपारी काकांची बातमी लिहिली आणि तिला तारीख लावली ती काका गेले त्या दिवसाची. माणूस ज्या दिवशी गेला तोच दिवस लिहायचा, दुसरा कसा लिहिणार? प्रोग्रामनं सकाळची बैठक पाहिली होती. दुपारी पुन्हा दारात गेला तर ही जुनी तारीख. जुनं म्हणून सोडून दिलं. कुठे चूक नाही, तक्रार नाही. घरच्या लॅपटॉपवरची प्रोग्रामची नोंदवही ऑफिसातूनच उघडून पाहिली, हिरवी अक्षरं, सगळं ठीक.

मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर काढायचा ते कळेना. गाळणी काढायला मिनिटही लागलं नसतं, पण मी हात लावला नाही. ती काढली असती तर काकांची बातमी आबांच्या मोबाइलवर टिंग करून वाजली असती, आणि ते एकटे घरी होते.

मेट्रोनं घाटकोपरला आले, तिथून नाहूर. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. आधी बसायचं, चहा करायचा, मग गुडघ्यांवरून विषय काढायचा, तिथून गावावर यायचं. जिना चढेपर्यंत सगळं नीट पाठ झालं होतं.

आबांनी दार उघडलं. हातात तांब्या होताच. "आज काय्येक इलां नाय," ते म्हणाले.

"पाणी नको, आबा."

मी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडून निघून गेलं, एवढंच. पण मी चप्पल काढली नव्हती, उंबऱ्याबाहेरच होते, आणि आबा माझ्या पायांकडे बघत होते. तांब्या त्यांनी हळूच चपलांच्या रॅकवर ठेवला.

"कोण?"

मी काकांचं नाव सांगितलं.

ते चौकटीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "दिस झाले?"

"तेरावंपण झालं."

"म्हणजे आता तीन दिवसांचा सुतक." भावकीतलं मरण उशिरा कळलं तर ते कळल्या दिवसापासून तीन दिवस धरतात. आबांना पहिल्यापासून हे हिशेब तोंडपाठ. "आंघोळीचा पाणी मी ठेवतंय."

मी आत यायला पाऊल उचललं तसा त्यांनी हात आडवा केला. रागावून नाही. आवाज फोनवरच्यासारखा ताठ होता, डोळे मात्र वाहत होते.

"भुतूर नको येव, बाय. निरोप्यान थांबाचा नसता. फुडच्या घराक जा."

पुढचं घर नव्हतं. सगळ्यांना आधीच कळलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. "बरं" म्हटलं, आणि वळून जिना उतरायला लागले.