अप्पांच्या पायाखालचा कापूस

माझ्या वडिलांच्या पायाला करंट मी स्वतःच्या हाताने दिलाय.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं.

अप्पा देगलूरचे. आयुष्यभर एसटी चालवली. रिटायर झाल्यावरही स्टिअरिंग सुटेना, म्हणून शाळेची व्हॅन चालवायचे.

मी नांदेडला एका हॉस्पिटलमध्ये नर्व्ह टेस्टची टेक्निशियन. नसेला बारीकसा करंट द्यायचा आणि ती तो किती वेगानं, किती जोरात पुढं नेते ते स्क्रीनवर बघायचं.

एका रविवारी घरी गेले तर आई हसत सांगत होती, "तुझे अप्पा काल एकाच चपलेवर घरी आले. दुसरी कुठं निसटली, पत्ताच न्हाई."

अप्पाही हसले. मला हसू आलं नाही.

"अप्पा, पायातून चप्पल गेलेली कळली नाही?"

ते अंगणाकडं बघत म्हणाले, "आमच्या लहानपणी वेचणीच्या दिवसांत घरात कापसाचा ढीग असायचा. आम्ही त्याच्यावर चालायचो. पाय कुठं टेकला कळायचंच न्हाई. आता तसंच वाटतंय बघ. लई मऊ."

बोलताना चेहरा अगदी शांत होता.

शुगर जुनीच. गोळ्या मनाला येतील तशा.

दुसऱ्या दिवशी त्यांना नांदेडला घेऊन आले.

पाय गार असले की टेस्ट चुकते. म्हणून गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळून मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसले. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. अप्पांना डुलकी लागली.

झोपेतच उजवा पाय हलकेच खाली दाबला गेला.

बहुतेक स्वप्नात व्हॅन थांबली होती. लेकरं उतरत होती.

मी त्यांना उठवलं नाही.

ते जागे झाल्यावर टेस्ट केली. हाताच्या नसा ठीक होत्या. पायाची लाट मात्र स्क्रीनवर उठता उठता विरून जायची.

करंट वाढवला. "टोचलं का, अप्पा?"

"कुठं?"

रिपोर्ट डॉक्टर सांगतात, आम्ही बोलायचं नसतं. मी वायरी गुंडाळत राहिले.

"माय, एवढंच सांग. ब्रेकवर पाय किती पडला, ते मला नीट कळत असंल का?"

मी खाली वाकून त्यांच्या पायांत चपला सरकवल्या.

"बरं," अप्पा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, शुगरनं पायाच्या नसा कमजोर झाल्यात, पण जखम व्हायच्या आत आलात. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, पण शुगर सांभाळली आणि पाय जपले तर आहे ते टिकेल.

त्याच संध्याकाळी देगलूरला परतून अप्पांनी व्हॅनची चावी परत केली. शाळेवाले म्हणाले, दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत तरी चालवा.

"लेकरं असतात आत," अप्पा एवढंच बोलले.

नंतर कितीतरी दिवस, व्हॅनचा हॉर्न वाजला की ते आतल्या खोलीत जायचे. पुढं एका सकाळी दारात येऊन उभे राहिले. लेकरांनी खिडकीतून हात हलवले. अप्पांनीही हलवला.

आई रोज दिवेलागणीला त्यांचे तळवे उजेडात धरून कुठं जखम तर नाही ना बघायची. बोटांच्या बेचक्यासुद्धा. अप्पा लाजायचे.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी दुपारी झोपेतच त्यांचं हार्ट थांबलं.

अंघोळ घालताना पाय मी धुतले. कुठं जखम नाही, फोड नाही. आई शेजारी बसून त्या पायांवरून हात फिरवत होती.

अप्पा, तुमच्या आठवणीला तुमच्या लेकीचा जयभीम.