खिळ्यावरचा बॅज

माझं नाव छापलेली पहिली वस्तू म्हणजे तो बॅज. सातवीच्या गुणपत्रकावर नाव होतं, पण ते गुरुजींनी हातानं लिहिलेलं. पुढची शाळा दुसऱ्या गावात, वाटेत ओढा, म्हणून तिथंच शिक्षण थांबलं. लग्न होऊन हिंगोलीकडून विरारला आले आणि एका एक्स-रे सेंटरमध्ये मदतनीस लागले. पेशंटला आत न्यायचं, टेबलावर नीट झोपवायचं, झालं की बाहेर आणायचं. पहिल्याच आठवड्यात टेक्निशियन काकांनी काडेपेटीएवढा तो बॅज हातात दिला.

"तुझ्या अंगावर किती किरणं पडली ते हा मोजतो. दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. छातीवर लाव, एप्रनच्या आत. आणि हरवू नकोस, बाय."

माझ्या डोक्यात राहिलं ते शेवटचं वाक्य.

काका जवळच्याच नंदाखाल गावचे. पन्नाशी उलटलेली, रविवारी चर्च चुकवायचे नाहीत, सोमवारी वाडीतली केळी आणायचे. या गावात मला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा ते रोज विचारायचे, "जेवलीस काय?" एवढ्यावरही माणूस जगतो.

बॅज एकदा पडला. एका आजोबांना उचलताना निसटला आणि टेबलाखाली गेला. अर्धा तास शोधला, घाम फुटला. आमच्याकडं कापूस वेचायला जाताना बाया जे काही किमती असेल ते भाकरीच्या फडक्यात बांधतात आणि लिंबाच्या फांदीला टांगतात. वाकून काम करताना काही पडायला नको. मीही तेच केलं. शिशाचा जड एप्रन एक्स-रेच्या खोलीतच खिळ्याला अडकवलेला असायचा, त्याच्यावर बॅज लावून टाकला. सकाळी आले की बघायचे, आहे का. असायचा. संध्याकाळी निघताना पुन्हा बघायचे. एप्रन घालायची वेळ क्वचित यायची, कारण फोटो निघताना मी बाहेर, जाड भिंतीआड.

असे तीन महिने गेले. बॅज तपासायला गेला, दुसरा आला, तोही त्याच खिळ्यावर गेला.

मग बॅज तपासणाऱ्यांकडून पत्र आलं. सेंटरच्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्या बॅजवर फार जास्त आलंय. एवढं यायला नको होतं. चौकशीचा फॉर्म भरून द्यावा लागेल."

मी मान हलवली. मला तेव्हा तिसरा महिना लागला होता. लग्नानंतर पाच वर्षांनी.

सेंटरमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडं तीन महिने भरल्याशिवाय तोंडातून काढत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. आणि दारावर पाटी होती: गरोदर असाल तर आधी सांगा. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती मीच वाचून दाखवत होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो वसईच्या पूर्वेला कंपनीत कामाला, नुकताच पाळीवरून आला होता. त्यानं मोबाईलवर शोधलं. लेकरांची चित्रं निघाली. हात नसलेली, डोकं लहान राहिलेली. मी म्हणाले, "बंद कर." तो बंद करेना. मग स्वतःच मोबाईल उपडा ठेवून भिंतीकडं बघत बसला.

"बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना विचारू. सोमवारी," तो म्हणाला.

"विचारायचं काय? पाडून टाकू. असं लेकरू जन्माला घालून मी त्याला काय सांगू?"

"तुला कसं माहीत असंच होईल?"

"पत्र आलंय ना! नाव माझंच आहे ना त्याच्यावर!"

शेजारीण कुकर लावत होती. भिंतीपलीकडं शिट्टी झाली तशी मी दचकले. त्या दिवसांत पोटावर हात ठेवायचीही भीती वाटायची. आईला फोन लावला आणि ठेवून दिला. तिनं पाच वर्षं उपास केले होते.

पुढच्या दिवसांत मला सगळीकडं तेच दिसायचं. काकांच्या फण्यात एक जुळं केळं निघालं, दोन केळी एका सालीत. माझ्या हातातून फणा पडला.

"काय झालं?"

"हे असं कशानं होतं काका? किरणांनी?"

"अगो, आमच्या वाडीत आजोबांच्या वेळेपासून होतंय. तेव्हा वसईत कुठला एक्स-रे?" ते हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले.

शनिवारी फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर बसले. सोमवारी डॉक्टरीणबाईंकडं जायचं ठरलेलंच होतं. इंग्रजी मला जमत नाही म्हणून ते वाचत होते आणि मी मराठीतून सांगत होते. तिसरा की चौथा प्रश्न असेल, बॅज शरीरावर कुठं लावत होता?

"शरीरावर नाही. एप्रनवर."

"म्हणजे एप्रन घातलास की वरून?"

"नाही. एप्रन खिळ्यावर असायचा ना, तिथंच. हरवू नये म्हणून."

काकांनी पेन खाली ठेवलं. "रात्रंदिवस?"

"हो. रोज बघायचे, आहे का ते."

"अगो बाय माझे! ती काय चर्चची घंटा आहे टांगून ठेवायला?" ते उठले, खोलीत जाऊन खिळा बघून आले. छातीचे फोटो काढतो त्या स्टँडपासून हातभर अंतर. "दिवसभर निघणारे सगळे फोटो त्यानं खाल्ले. तू भिंतीआड आणि तो इथं. हे तुझ्यावर पडलेलं नाही, खिळ्यावर पडलेलं आहे!"

मला रडू फुटलं. मग तिसऱ्या महिन्याचं सांगून टाकलं. आणि रडता रडताच दुसरी गोष्ट लक्षात आली.

"मग माझ्यावर किती पडली?"

खरं म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. बॅजनं खिळ्याचं सांगितलं होतं, माझं त्याला काही ठाऊकच नव्हतं.

"आत थांबलीस का कधी? फोटो निघताना?"

थांबले होते. लहान लेकरं एकटी राहत नाहीत, आया घाबरतात, मग मी धरायचे. आठवून आठवून चार वेळा. चारही वेळा एप्रन अंगावर होता. काकांनी रजिस्टर काढून चारही लेकरं शोधली, कशाचे फोटो होते ते कागदावर लिहिलं. म्हणाले, "नातेवाइकानं धरायचं असतं, तू नाही. मी तुला अडवायला हवं होतं. ही चूक माझी." आणि फॉर्मवर तेही लिहिलं. नोकरी जाईल याची मला भीती होती. त्यांनाही असणारच.

सोमवारी तोच कागद डॉक्टरीणबाईंसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. सुरुवातीच्या महिन्यांत फार मोठा मारा झाला तर बाळाला व्यंग येतं, हे खरं आहे, म्हणाल्या. पण शिशाच्या एप्रनआडून चार फोटो म्हणजे तसा मारा नाही. थोडी किरणं माती, आकाश सगळ्यांनाच देतात. "एवढ्यासाठी मी कुणाला बाळ पाडायला सांगणार नाही. पण शंभर टक्के चांगलं निघेल असं कुठल्याच आईला मी लिहून देत नाही."

मला तेच लिहून हवं होतं. ते न मिळताच सहा महिने काढले. सेंटरच्या डॉक्टरांनी मला बाहेरच्या टेबलावर बसवलं, नोकरी ठेवली. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण प्रत्येक सोनोग्राफीला मी बोटंच मोजायला लावायचे. मुलगी झाली तेव्हाही आधी बोटं मोजली. दहा. मग पायाची. तिला ताप आला की अजून माझ्या डोळ्यांसमोर तो खिळा येतो.

या वर्षी ती तीन वर्षांची झाली. राजोडीच्या समुद्रकिनारी वाळूत धावताना पडली आणि कोपर सुजलं. काकांकडंच नेलं; बाळंतपणानंतर मी पुन्हा आतल्या कामाला लागले होते, दारातून शिरताच सवयीनं बॅज छातीवर लावला. ती माझी मान सोडेना.

"तूच धर आता," काका म्हणाले. "पोटात कुणी नाही ना?"

"नाही."

"बॅज काढून बाहेर ठेव. आज तू कामावर नाहीस, आई आहेस."

बॅज काढला. ठेवायला जागा शोधत दोनदा फिरले, शेवटी बाहेरच्या टेबलाच्या खणात ठेवला. एप्रन घातला. तिचा हात प्लेटवर सरळ धरला.

"हललीस तर दुसरा काढावा लागेल, बाय," भिंतीआडून आवाज आला.

मी हलले नाही.