सपनाची सावली पडते काय?

समता कॉलनीत आमच्या समोर राहणाऱ्या काकूंनी भर दुपारी, गच्चीवर कुरडया वाळवताना, उडती तबकडी पाहिली. 'स्वप्न पडलं असेल' म्हणत लोक हसले तरी त्या रागावत नाहीत. "कुरडयाईवर सावली पडली ना बाप्पा! सपनाची सावली पडते काय?" एवढं विचारून स्वतःच खदखदून हसतात.

परवा मी मुद्दाम खोदून विचारलं, "पण काकू, दिसायला कशी होती?"

त्यांनी तेल तापवलं आणि तबकडी दिसली त्याच दिवशी वाळवलेली एक कुरडई कढईत सोडली. ती गरकन फिरली, फुलली, पांढरीशुभ्र होऊन वर आली. काकूंनी ती निथळवली, झाऱ्यावर तोलून माझ्या डोक्यावरून हळूहळू नेली.

"पाह्य, अशी."

मी मान वर करून बघतच राहिलो.

आमच्या गल्लीत तबकडी पाहिलेले आता दोघं आहेत.