चौदा तारा कुणी उतरवल्या?

आमच्या घरात कुणी ‘झपाटलं’ म्हटलं की आई आधी थर्मामीटर आणते. मीही त्याच वळणाची. भुतंखेतं, संकेत... सपशेल थापा! तरी हे लिहितेय, कारण आभार कुणाचे मानायचे तेच मला कळलेलं नाही.

मी सांगलीची, जुन्या वाद्यांसाठी नवं संगीत लिहिते. गेल्या जानेवारीत कुंभकोणमला होते, याळेसाठी रचना करायला. याळ म्हणजे प्राचीन तमिळ वाद्य — हार्पसारखं, प्रत्येक तारेला एकच सूर. वाजवणार होत्या वसंताक्का, तिथल्याच मराठी घरातल्या, साठीच्या. त्यांचा एक डोळा पूर्ण गेलेला, म्हणून तारांना जवळजवळ नाक लावून वाजवायच्या.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला, जवळच्याच तिरुवलंचुळी गावात. माझी रचना मात्र माझ्या गळ्याच्या उंच पट्टीतली! अक्कांनी बजावलं होतं, “लाकूड सोसणार नाही, कण्णा. तारा चढवू नक्को.” (कण्णा म्हणजे तमिळमध्ये ‘बाळा’.)

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सकाळी अक्का देवळात गेल्यावर मी चौदाही तारा गुपचूप चढवल्या, खुंट्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या, याळेच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून जेवायला गेले. दुसरी किल्ली नव्हती.

तीनला अक्कांसोबत कुलूप उघडलं... सगळ्या खुंट्या मागे फिरलेल्या! ट्यूनर लावून पाहिला — चौदाही तारा जुन्या पट्टीत, तंतोतंत सुरात.

अक्का नेहमीसारख्या वाकल्या आणि थबकल्या. याळेच्या मानेच्या जोडावर लांबलचक नवी चीर होती.

खुंट्यांवरच्या पेन्सिलीच्या खुणांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हे चढवलेल्या तारांनी जालं. तू उतरवलीस म्हणून बरं! नाही तर मान तुटून तारा तोंडावर येत्या. माझा डोळा वाचवलीस गे!”

मला रडूच फुटलं. “अक्का, मी चढवल्या होत्या. उतरवल्या नाहीत.”

 अक्का माझा हात धरून म्हणाल्या, “जो कोण अहे, त्यास नमस्कार कर.” मी केला. कार्यक्रम रद्द झाला, पण अक्का मला एका शब्दानेही रागावल्या नाहीत.

चिरेमुळे तारा सैल पडल्या म्हणावं, तर त्या बेसूर पडायला हव्यात. खुंट्या कशा फिरतील? 

परवा त्यांना फोन केला. म्हणाल्या, “थांब गे, सुईत दोरा ओवते अहे.” मी थांबले... ओवून होईपर्यंत थांबले.