बिर्याणीखालची आगगाडी

सुदाम खरातला लागलेला नाद माणसात बसण्याजोगा नाही, यावर दोह्याच्या नजमा वस्तीतल्या त्याच्या खोलीचं एकमत होतं. तिथे तो घरसामान बांधायचं काम करी. मायदेशी परत निघालेल्या गोऱ्यांच्या बंगल्यांतून बाकीचे पॅकर टेबलफॅन नाहीतर सायकल मागून आणत. हा पठ्ठ्या आणायचा जुनी अमेरिकन मासिकं. तीही फक्त दोन जातींची, घोडा-बंदूकवाली आणि आगगाडीवाली. पिवळी पडलेली, नुसती उलटली तरी मांडीवर भुसा सांडणारी. मनमाडच्या या गड्याचं इंग्रजी एरवी लंगडायचं, पण कथेत इंजिन धूर सोडू लागलं की तेही सुसाट सुटायचं.

त्यातल्या एका गोष्टीने त्याचा जीव टांगणीला लावला होता. ब्रेक निकामी झालेली गाडी डोंगर उतरतेय, पुढे पूल पेटलाय, ड्रायव्हर डब्यांच्या टपांवरून मागच्या हातब्रेककडे धावतोय, आणि नेमकं तिथेच ‘पुढील अंकी समाप्त’. तो पुढील अंक वर्षानुवर्षं काही केल्या मिळेना. एका गुरुवारी मात्र अल गराफातल्या बंगल्यात एका म्हाताऱ्या इंजिनिअरच्या रद्दीत तो सापडला, आणि म्हाताऱ्याने तो हसत देऊनही टाकला. सुदामला आभाळ ठेंगणं झालं. बसमध्ये त्याने अंक उघडलासुद्धा नाही. असला घास शुक्रवारी, आंघोळ करून, निवांत खायचा असतो.

शुक्रवारी बाथरूमला ही रांग. सुदाम न्हाऊन बाहेर येईतो खोलीतले इब्राहीमभाई आणि अश्फाक जुम्म्याच्या नमाजाहून परतले होते. इब्राहीमभाई रत्नागिरीचे, खोलीत वयाने थोर, आणि शुक्रवारची बिर्याणी त्यांचीच. जमिनीवर पेपर अंथरून सगळ्यांनी एकत्र जेवायचं, हा खोलीचा रिवाज. पण हल्ली बातम्या मोबाइलवर येतात, पेपर येणार कुठून? भाईंना सुदामच्या खाटेवर तो पिवळा अंक दिसला. त्यांनी पिना उपसल्या, पानं सुटी करून एकाला एक जोडून अंथरली, मधोमध पातेलं ठेवलं आणि ताटं वाढली.

सुदाम टॉवेलवर उभाच राहिला. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. मग तो खाली बसला आणि अश्फाकला म्हणाला, ताट उचल. अश्फाकने उचललं. सुदाम वाचू लागला, मराठीत सांगू लागला. पण गोष्टीचं पुढचं पान दाराशी, त्यापुढचं खिडकीखाली. गाडी खोलीभर धावत सुटली आणि सुदाम तिच्यामागे. एकेक जण ताट मांडीवर घेऊन सरकू लागला. ड्रायव्हरचा पाय घसरला तेव्हा अश्फाकचा घास हातातच राहिला. बिर्याणी निवली, कोणाला शुद्ध नव्हती.

शेवटचं पान पातेल्याखाली होतं. भाईंनी फडक्याने पातेलं उचललं, तर पान बुडाला चिकटूनच वर गेलं. ओढलं तर चिंधड्या. मग भाईंनी पातेलं उंच धरलं आणि सुदाम त्याखाली उताणा पडून वाचू लागला.

ड्रायव्हर हातब्रेकपाशी पोचला. त्याने चाक आवळलं, पूल समोर आला, आणि पुढे नुसतं तूप. एक अक्षर उरलं नव्हतं.

“थांबली काय रं गाडी?” भाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा अपराध्यासारखा झाला होता.

“थांबली,” सुदाम म्हणाला. “पुलाच्या अलीकडंच. समदी सुखरूप.”

खोलीत जल्लोष झाला. भाईंनी पातेलं खाली ठेवून बाहीने डोळे पुसले. खरा शेवट आता आपल्याला कधीच कळणार नाही, हे सुदामच्या ध्यानात आलं आणि क्षणभर त्याला फार वाईट वाटलं. तोवर अश्फाक ताट घेऊन त्याच्या अगदी जवळ येऊन बसला होता.

“आता मुळापासून सांग ना,” तो म्हणाला. “आम्ही मधेच चढलो.”

सुदामने मांडी घातली आणि डोंगरमाथ्यापासून सुरुवात केली. या खेपेला त्याने ड्रायव्हरला जरा आधीच ब्रेकपाशी पोचवलं.