उलटी फिरणारी किल्ली

आमचे बाबा कुलूपवाले. पाच पिढ्यांचं दुकान, आणि घराण्याची एक तऱ्हा: आमच्या कुलपाची किल्ली उलटी, डावीकडे फिरते. सगळा बाजार त्यांना 'उलटे मास्तर' म्हणायचा आणि बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. "चोरांची अक्कल सरळच चालते, म्हणून आपलं बरं चाललंय," हे त्यांचं लाडकं वाक्य. "आपल्या हातून कधी कुणाचं वाईट झालं नाही," हे दुसरं. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

संग्रहालयातल्या बाईंनी बोलावलं तेव्हा मीही बाबांबरोबर गेले. टेबलावर पांढऱ्या कापडावर लोखंडी बेड्या मांडलेल्या. पूर्वी जहाजांत कोंबून माणसं विकायला नेत, त्यांच्या पायांतल्या. त्यातली सगळ्यात लहान काही केल्या उघडत नव्हती. तीन कारागिरांनी हात टेकले होते.

बाबांनी तेल सोडलं, आतल्या कडेवरून बोट फिरवलं. "काम बघ पोरी! कड कशी घासून गोल केलीय. टोचू नये म्हणून. करणाऱ्याला माया होती."

"माया कसली?" बाई म्हणाल्या. "जखम झाली की माणूस स्वस्तात विकला जायचा."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. "आणि ही इतकी लहान? बकरीची का?"

"सहा-सात वर्षांच्या मुलाची."

बाबांनी बेडीच्या कुलपात आकडा घातला, उजवीकडे फिरवला. ढिम्म. मग सवयीने हात डावीकडे गेला.

खट्.

"कमाल आहे तुमची!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र पांढरेफटक पडले होते. असं कुलूप आमच्याशिवाय कुणी करत नाही. हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, बाईंना नाही. त्यांच्या हातातल्या कार्डावर छापलं होतं, 'कारागीर अज्ञात'. गप्प बसलो असतो तर दुकानाचं नाव जिथल्या तिथे राहिलं असतं. मी बाबांची बाही ओढलीसुद्धा. सांगायला लाज वाटते.

"अज्ञात खोडा," बाबा म्हणाले. "माझ्या आजोबांचे आजोबा. त्यांचं नाव लिहा."

"अहो, पण कशावरून?"

"आत्ता माझा हात बघितलात ना? त्याला ती बेडी पाठ होती."

बाईंनी नाव लिहून घेतलं. बाबांनी ते कार्ड वाचून पाहिलं आणि हळूच विचारलं, "आणि त्या मुलाचं नाव?"

बाईंनी मान हलवली. मुलांची नावं कुणी लिहून ठेवलीच नव्हती.